लांब दांड्याची पळी

अकोला,
१० डिसेंबर २०२३

प्रिय रागिणी,

तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. रागावून लिहीत नाही. रागावले असते तर दिवाळीनंतर लगेच लिहिलं असतं.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली तुझी मुलाखत वाचली. शेजारच्या वहिनींनी पेपर आणून दिला. म्हणाल्या, "तुही मैत्रीण त चमकून राहिली." फोटो छान आला आहे. 'माझ्या वच्छला आजीच्या पितळी पळीने मला चमचे जमवायचा नाद लावला,' असं तू सांगितलं आहेस. मी माझं नाव शोधलं. 'काही मित्रमंडळींचीही मदत झाली' असं एक वाक्य आहे, त्यात मी असेन.

नाद कसा लागला ते लिहिते. पुढच्या मुलाखतीला उपयोगी पडेल.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची सहल. चिखलदऱ्याला सगळ्या जणी दरीच्या कठड्याशी फोटो काढत होत्या आणि मी एका टपरीवर उभी होते. तिथे कॉफीच्या पुड्यांशेजारी लहान लाकडी चमचे ठेवलेले होते, दांड्यावर तापलेल्या तारेने 'चिखलदरा' लिहिलेलं. मी एक घेतला. तू म्हणालीस, "यानं काय मुंगीले भरवतं काय?" मी म्हटलं, किल्ला सगळेच बघतात, पण इथून लोक घरी काय नेतात तेही कुणीतरी जपून ठेवायला पाहिजे. परतीच्या बसमध्ये तू मला 'चमचेवाली बाई' म्हणून चिडवत होतीस, आणि अमरावती येईपर्यंत तो चमचा तुझ्याच हातात होता. आपला संग्रह त्या बसमध्ये सुरू झाला. आपला म्हणते आहे, बघ.

मग कौंडण्यपूरच्या जत्रेतली आचमनाची पळी, दांड्यावर नागाचा फणा असलेली. मग इथल्या भांडे बाजारातलं शेषराव काकांचं दुकान. लोक जुनं पितळ मोडीत देऊन नवं स्टील नेतात आणि ती मोड पोत्यात भरून वितळायला जाते. ती जायच्या आधी मी दर शनिवारी त्या ढिगाशी बसायचे. काका म्हणायचे, "काय करतं वं पोरी येवढे चमचे? हाटेल टाकतं काय?" आणि वर दोन चमचे फुकट द्यायचे. बंद पडलेल्या कापड गिरणीच्या कँटीनचा शिक्का असलेला चमचा तिथे मिळाला. बाळाचं नाव कोरलेला बारशाचा चमचा तिथेच. 'कै. पुंजाजी यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेला, तेरवीला वाटलेला, तोही. एखादं माणूस गेल्यावर घरोघरी त्याच्या नावाचा चमचा वापरात राहतो, ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटली होती. अजूनही वाटते.

तू फोटो काढलेस, पेज सुरू केलंस, अमरावतीच्या ग्रंथालयाच्या लोकांशी बोललीस, तुझ्या वडिलांनी काचेचं कपाट दिलं. ते मला जमलं नसतं. हे मी कुठेही कबूल करीन.

वच्छला आजींची पळी सगळ्यात शेवटी आली. गावच्या घराच्या माळ्यावर तुला सापडली. पितळेची खोलगट वाटी, तिचा दांडा वीतभर, आणि पुढे रिबिटा मारून जोडलेला लोखंडी दांडा, माझ्या बोटांपासून थेट खांद्यापर्यंत येणारा. आपल्याला वाटलं, दांडा तुटला असेल आणि कोणीतरी मायेने दुरुस्त केला असेल. पळीखाली ठेवायची चिठ्ठी मीच लिहिली: 'मोडलेली वस्तू टाकून न देता जपण्याची वऱ्हाडी रीत.' त्या ओळीवर मी खूश होते.

दिवाळीनंतर अमरावतीला तुमच्या घरी आले तेव्हा रुख्मिणी काकू पोळ्या करत होत्या. मी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. त्या हसल्या.

"मोडली कुठी होती वं ते. माह्या सासूनं मुद्दाम लांब करून घेतली लोहाराकडून. घरापुढच्या ओट्यावर उभं राहून खाली वाढा लागे ना. मजुरायच्या थाळीले पळी लागू नाही म्हणून."

मग ऐकणारी कोण आहे ते त्यांच्या लक्षात आलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही. तू फ्रीजपाशी उभी होतीस. "आई, तुह्या काहीतरीच गोष्टी," असं म्हणून तू मला हाताला धरून गच्चीवर नेलंस. उजेड चांगला आहे, फोटो काढू, म्हणालीस.

गच्चीवर मी विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, तू काही ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मी मेसेजवर तेच विचारलं आणि त्या संध्याकाळी तुझा फोटो दिसायचा बंद झाला.

सव्वीस जानेवारीला कपाटाचं उद्घाटन आहे. त्यावर 'कै. वच्छलाबाई स्मृती संग्रह' असं नाव येणार, हेही मला पेपरातून कळलं. असू दे. मला एकच गोष्ट हवी आहे. पळीची चिठ्ठी बदलायची. 'मजुरांच्या ताटाला स्पर्श होऊ नये म्हणून लांब दांडा जोडलेली पळी.' एवढंच. कुठल्या घरची ते लिहू नकोस, गावही लिहू नकोस. गिरणीचा चमचा गिरणीचा म्हणून लिहिला, तेरवीचा तेरवीचा म्हणून लिहिला, तसंच हेही.

वच्छला आजी वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षाला त्यांनी मला बोरकूट दिलं होतं, ते मला आठवतं.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
संध्या


अकोला,
३१ डिसेंबर २०२३

प्रिय रागिणी,

परवा तू ऑफिसच्या नंबरवरून फोन केलास, बरं वाटलं. खरंच वाटलं. पहिली दोन मिनिटं तू थंडीबद्दल आणि माझ्या तासिकांबद्दल विचारत होतीस, तेव्हा मला वाटलं झालं, मिटलं.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं. आजी गेली, ती उत्तर द्यायला नाही. ज्या कपाटावर तिचं नाव, त्याच कपाटात तिची बदनामी कशी ठेवायची. तुझा अमोलदादा म्हणाला, "आता कोन पाळते हे सगळं? उकरून कायले काढते संध्या?" आणि तू म्हणालीस, पळीच काढून टाकू, विषय संपला.

मला ती काढायची नाही. मी तेव्हाही तेच म्हटलं. शेषराव काकांच्या ढिगात रोज अशा किती गोष्टी वितळतात. ही वाचली आहे. ती राहू दे, फक्त ती काय आहे ते लिहू दे. तू उसासा टाकलास. मी हट्टी आहे असं तुला वाटतं, ते फोनवरही ऐकू येतं.

मग तू म्हणालीस, "तुझ्या आजीचा व्हिडिओ करू या ना. ती सांगेल तिच्या तोंडाने, आपण पेजवर टाकू. लोकांना आवडेल. चिठ्ठीला हात लावायला नको."

खरं सांगू, मला ते पटलं होतं. आमच्या घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेली मी, आणि आजीचं बोलणं कोणीतरी ऐकणार, नोंद होणार, असं सगळं डोक्यात आलं. मी त्याच दुपारी आजीकडे गेले. ती अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी फोनवर पळीचा फोटो दाखवला. माझी आजी तुमच्या गावची नाही, मूर्तिजापूरकडची आहे, तिने तुमचा ओटा कधी पाहिलेला नाही. तिने फोन आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ नेला.

"पितळेची हाय," म्हणाली. "पैसेवाले दिसते तुह्या मैत्रिणीचे लोक. आमच्या गावी त बांबूले करवंटी बांधेल होती."

आणि हसली. मोठ्याने हसली. मला हसता आलं नाही.

"डाळ उंचावरून पडे त मनगटावर उडे. पदर गुंडाळून थाळी धरा लागे. तुह्या आजाले त्याचंच हसू ये. म्हने, इंदू, तू त हात भाजाले जातं का जेवाले?"

मी विचारलं, हे असंच सांगशील का, मी रेकॉर्ड करते. तिने शेंगा सोलणं थांबवलं.

"मी काहून सांगू? मी वाढत होती काय? ज्याईनं वाढलं त्याईले सांगू दे."

मी समजवायला लागले. इतिहास, नोंद, पुढच्या पिढ्या, सगळं म्हटलं. बाबा दारात चहा घेऊन उभे होते. ते म्हणाले, "माय बरोबर बोलून राहिली. तुले वाटते लिहिलं का झालं." मला राग आला. त्यांच्यावरच आला, तुझ्यावर नाही. मी आत निघून गेले. थोड्या वेळाने बाबा आत आले आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी विचारलं, "आपला चमचा कुठी ठेवला त्याईनं कपाटात?"

बाबांचा चमचा तुला माहीत आहे. भांड्यांवर नाव कोरून घेताना बाबांनी मशीनवाल्याला स्वतःचं नाव टाकू नको म्हटलं आणि 'जयभीम' टाकून घेतलं, तो. मांडणी करताना तू म्हणाली होतीस, "हे जरा राजकीय वाटतं गं, आपण मागची बाजू वर ठेवू या." तो खालच्या कप्प्यात पालथा आहे.

"वरच्या कप्प्यात," मी बाबांना सांगितलं.

म्हणून व्हिडिओ होणार नाही. आजीचं म्हणणं मला दोन दिवसांनी कळलं. सांगायचं काम तिचं नाही, आणि माझंही नाही. तू फ्रीजपाशी उभी होतीस. काकू बोलल्या आणि तू ऐकलंस. मी चिठ्ठी लिहिली तर लोक म्हणतील, ही असं लिहिणारच. तू लिहिलीस तर ते खरं मानतील. म्हणून तूच लिही. तुझ्या अक्षरात.

अजून पुष्कळ दिवस आहेत.

संध्या


अकोला,
१६ जानेवारी २०२४

रागिणी,

ग्रंथालयातल्या योगेशदादांनी नव्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यांना वाटलं मला आनंद होईल.

'ओट्यावरून वाकून वाढताना कंबरेला त्रास होऊ नये म्हणून आजींनी कल्पकतेने दांडा वाढवून घेतलेली पळी.'

मी ही ओळ बऱ्याच वेळा वाचली. हिच्यात खोटं शोधायला गेलं तर सापडत नाही, इतकी छान लिहिली आहेस. दांडा आजींनीच वाढवून घेतला, खरं. वाकावं लागू नये, तेही खरं. आपल्या दोघींमध्ये भाषा तुझीच चांगली होती.

म्हणजे तू ऐकलं होतंस. काही ऐकलंच नसतं तर 'मोडलेली वस्तू जपण्याची रीत' बदलायची काय गरज होती?

एक विचारायचं राहून गेलं आहे. तुमच्या घरी जेवताना सगळ्यांना स्टीलची ताटं असायची आणि मला ती निळ्या फुलांची काचेची प्लेट. काकू कपाटातून खास काढायच्या. तीन वर्षं मला वाटत होतं, तो पाहुणीचा मान आहे. मी घरी येऊन आईला सांगायचे, आई शेजारच्या वहिनींना सांगायची. आता विचार करते तर आपल्या वर्गातली काव्या आली होती तेव्हा तिला स्टीलचंच ताट होतं. काव्यासुद्धा पाहुणीच होती.

कदाचित काही नसेल. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवून, हाताने गरम पोळी वाढली आहे. मला खरंच माहीत नाही. तूच सांग. तुला माहीत असेल, किंवा तू कधी विचारलं नसशील. यातलं कुठलं असावं अशी इच्छा करावी, तेही मला कळत नाही.

उद्घाटनाला मी येणार आहे. आमंत्रण योगेशदादांनी दिलं.

संध्या


अकोला,
४ फेब्रुवारी २०२४

रागिणी,

तू मला स्टेजवरून पाहिलंस. मागून दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी. तू लगेच दुसरीकडे बघितलंस, म्हणून नक्की पाहिलंस.

तू चांगलं बोललीस. आजीबद्दल बोलताना तुझा आवाज भरून आला, तो खोटा नव्हता. मला तुझा सगळ्यात जास्त राग त्याच वेळी आला. प्रमुख पाहुण्यांनी तर पळी हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. "आपल्या खेड्यातल्या बायका शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची कल्पकता पाहा. स्वतःच्या त्रासावर स्वतः उपाय शोधला." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. सगळे टाळ्या वाजवत होते आणि काकू पदराचा काठ नीट करत होत्या, झाला तरी करतच होत्या.

चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मी कप खाली ठेवला.

"तुह्या आजीले नाही आनलं?"

"ती येत नाही म्हणाली, काकू."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. मग, "जेवून जाशील ना वं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच केला नाही. जाताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. त्या हाताचा अर्थ मी आठ दिवस लावते आहे. लागत नाही.

तू तेव्हा फोटोत होतीस. मी थांबले होते. अर्धा तास त्या खांबाशी उभी होते, कारण मला वाटत होतं, लोक पांगले की तू येशील आणि फक्त एवढं म्हणशील, 'हो, मी ऐकलं होतं.' चिठ्ठी बदलली नसतीस तरी चाललं असतं. माझ्यापुरतं म्हटलं असतंस तरी मी गप्प बसले असते, हे आता लिहिते आहे. माझी किंमत एवढी कमी झाली होती. तू मागच्या दाराने गेलीस, योगेशदादांनी सांगितलं.

काल शनिवार होता. मी अमरावतीला गेले. ग्रंथालयाने वस्तू घेतल्या तेव्हा पोचपावती माझ्या नावाने दिली होती, कारण बहुतेक सगळ्या मी आणलेल्या. ते तुम्ही कोणी बदलून घेतलं नाहीत, गरज वाटली नसेल. योगेशदादांना मी ती दाखवली. बिचाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

"म्याडम, उद्घाटनाले पंधरा दिवस नाही झाले. कपाट भुंडं दिसन ना."

"दिसू द्या."

"कोनी विचारलं त मी काय सांगू?"

"माझ्या वस्तू मी नेल्या, एवढंच सांगा. खरं आहे ते."

बाबांचा चमचा आधी काढला. मग बाकीचे, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून. काही कागद तुझ्या मुलाखतीचे होते, मुद्दाम नाही, योगेशदादांनी रद्दीतून तेच काढून दिले. चिखलदऱ्याचा चमचा हातात घेतला तेव्हा तुला तो द्यावा असं क्षणभर वाटलं. मग नाही दिला. तुला जे हवं होतं ते तुझ्याजवळ आहे.

सगळं आता आमच्या घरी पलंगाखाली एका पत्र्याच्या पेटीत आहे. पुन्हा कधी कुठे मांडीन की नाही, माहीत नाही. आजी म्हणाली, "येवढे चमचे आन्ले त पंगत दे आता." बाबांनी त्यांचा चमचा घेतला, धुतला आणि साखरेच्या डब्यात ठेवून दिला.

पळीला मी हात लावला नाही. योगेशदादांनी विचारलं, "हे नाही नेत?" मी म्हटलं, ती माझी नाही. चिठ्ठीही तशीच आहे, तुझ्या अक्षरातली. कपाट लखलखीत आहे, दिवे चालू आहेत, आणि तीन कप्प्यांमध्ये मिळून ती एकटी पळी आहे. दांडा इतका लांब आहे की मधल्या कप्प्यात तिरकी ठेवावी लागली. आता ती दारातूनच दिसते. आधी बाकीच्यांच्या गर्दीत तिचा दांडा एवढा दिसत नव्हता.

उद्या सकाळी बडनेऱ्याच्या एका शाळेची मुलं ग्रंथालय बघायला येणार आहेत. संग्रहाची माहिती रागिणी मॅडम देणार, असं फलकावर लिहिलेलं वाचलं. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमच्या गल्लीतला पिंटू आज रात्रीच्या गाडीने तिकडे येतो आहे, तो तुमच्या घरी देईल.

मी गेलं वर्षभर मुलांना शिकवते आहे, म्हणून सांगते. पाहुण्यांना कल्पकता पुरते, मुलांना पुरत नाही. तू कंबरेचं सांगशील. पाचवी-सहावीतलं कोणीतरी हात वर करेल आणि विचारेल: आजींची कंबर दुखत होती, तर खाली बसलेली माणसं वर ओट्यावर येऊन का नाही बसली?

काय सांगायचं ते ठरवून जा.

संध्या